जळालेल्या रानात कोळी कुठून सापडणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण वणवा लागून गेलेल्या जागी कोळ्यांचा सर्व्हे करतेय म्हटलं की प्रत्येकाचा हाच प्रश्न असतो, सगळी राख झालीये, तिथे काय मिळणार?

तर मिळतात, आणि पहिल्या आठवड्यातच मिळतात. आग वरून जाते, पण माती उष्णता फार खोल जाऊ देत नाही, त्यामुळे बिळात, दगडाखाली, भेगेत बसलेले बरेच वाचतात. रात्री टॉर्च डोळ्यांच्या लेव्हलला धरून चाललं की काळ्या जमिनीवर हिरवट ठिपके चमकतात, ते वुल्फ स्पायडरचे, म्हणजे जाळं न विणता जमिनीवर पळून शिकार करणाऱ्या कोळ्यांचे डोळे. एकदा अशीच खाली बसून बघितलं तर मादी होती, मागे अंड्यांची पिशवी चिकटलेली, एरवी पांढरट असते ती राखेने पार काळी झालेली, आणि तरी ती ओढत चालली होती. मी टॉर्च बंद केला आणि तिला जाऊ दिलं.

सर्व्हेसाठी आम्ही पिटफॉल ट्रॅप लावतो, म्हणजे जमिनीत काठापर्यंत पुरलेला कप. पण इथेच लोक फसतात. जळालेल्या भागात कपात जास्त कोळी पडले की लगेच म्हणतात, बघा, आगीने कोळी वाढले! अहो, गवत नाही, पाचोळा नाही, जमीन मोकळी, मग पळणारा कोळी जास्त पळतो आणि जास्त वेळा कपात पडतो. कप मोजतो ती धावपळ, संख्या नाही. म्हणून शेजारच्या न जळलेल्या पट्ट्यातही तेवढेच कप लावायचे, शिवाय हाताने शोधायचं, झुडपं झटकायची. तेव्हा कळतं की जाळं विणणारे जवळपास गायब आहेत, कारण जाळं बांधायला काडीच उरली नाहीये.

पिल्लं सापडली तर मात्र जात सांगणं बहुतेक वेळा अशक्य, ओळख पटते मोठ्या झालेल्यांच्या जननेंद्रियांवरून, तेही मायक्रोस्कोपखाली, म्हणून एका दिवसाच्या कपांना लॅबमध्ये कित्येक दिवस जातात.

आणि जे गेले ते परत येतात, बरेचसे हवेतून. बारीक कोळी उंच टोकावर चढून पोट वर करतात, धागा सोडतात आणि वाऱ्यावर निघतात. १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाताऊ बेटावरचा ज्वालामुखी फुटला, १८८४ च्या मे महिन्यात तिथे शोध घेतला तर जिवंत असा एकच प्राणी सापडला, जाळं विणत बसलेला एक बारीकसा कोळी. पण ट्रॅपडोअर स्पायडरसारखे, बिळाला झाकण करून आत राहणारे कोळी सहसा लांब जात नाहीत, ते मेले तर ती जागा खूप वर्षं रिकामी राहू शकते. मला काळजी त्यांचीच वाटते, म्हणून पावसाळ्यानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याच बिळांची झाकणं शोधायला जाणार आहे.