खुब्याचे हाड मोडल्यानंतरचे तीन महिने

न्हाणीघरात पाय घसरून माझ्या ८२ वर्षांच्या आईच्या खुब्याचे हाड मोडले, तेव्हा मला सर्वाधिक धास्ती शस्त्रक्रियेच्या खर्चाची वाटली होती. प्रत्यक्षात तो भाग लवकर मार्गी लागला. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड आम्ही आधीच काढले होते आणि रुग्णालयही योजनेत होते. खरी कसोटी डिस्चार्जनंतर लागली, कारण घरी आणलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर कोणी वळवायचे, याचे उत्तर त्या कार्डात नाही.

वॉकर, कमोडची खुर्ची आणि एअर बेड रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून अनामत भरून मिळाले. माणूस मिळणे मात्र कठीण गेले. घरी रुग्णसेवेला माणसे पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेली पहिली मावशी प्रेमळ होती, पण तिला कोणी काही शिकवलेले नव्हते. पाचव्या दिवशी आईला पुसताना माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला, आणि बोटाने दाबूनही तो फिका पडेना. ती बेडसोअरची, म्हणजे सतत एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात होती. त्यानंतर फिजिओथेरपिस्टकडून वळवण्याची, उठवून बसवण्याची पद्धत मी स्वतः शिकलो, भिंतीवर वेळांचा तक्ता लावला आणि रात्रीची पाळी माझ्याकडे घेतली. डाग हळूहळू गेला. ब्युरो महिन्याच्या महिन्याला कमिशन घेतो, तर निदान आठवडाभराचे प्रशिक्षण देणे त्याला बंधनकारक असायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या मावशी अनुभवी होत्या. त्यांचे वय ५८, गुडघे दुखरे, तरी सकाळी आठ ते रात्री आठ त्या उभ्या असत. त्यांची सासूही अंथरुणाला खिळलेली आहे आणि दिवसभर तिच्याजवळ नातीला बसावे लागते, म्हणून नातीची शाळा बुडते, हे त्यांनी महिन्याभराने सांगितले. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १० कोटी लोक होते आणि २०५० पर्यंत दर पाच माणसांत एक ज्येष्ठ असेल, असा अंदाज आहे. तोवर या मावशीही त्याच गणतीत असतील, आणि त्यांना तर पेन्शनही नाही.

आता आई वॉकर धरून गॅलरीपर्यंत जाते. मावशींना आम्ही रविवारची पगारी सुट्टी देतो आणि वळवण्याचा तो तक्ता त्यांनी सासूसाठी उतरवून नेला आहे.