११-११ नंतर बारावी पेनल्टी कोण मारतं?

८ फेब्रुवारी २०२४, ढाक्यातलं कमलापूर स्टेडियम. सॅफच्या, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाच्या, १९ वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेची फायनल. आठव्या मिनिटाला सिबानी देवीने भारताला आघाडी दिली आणि भरपाई वेळेत सागोरिकाने बांगलादेशला बरोबरी साधून दिली. मग शूटआउट. दोन्ही बाजूंच्या अकराच्या अकरा जणींनी, गोलकीपरसकट, पेनल्टी जाळ्यात घातली. ११-११.

आणि इथेच माती खाल्ली. सामना आयुक्तांनी टॉस करायला लावला. भारताने तो जिंकला, भारतीय मुली नाचायला लागल्या. बांगलादेशने हरकत घेतली, गॅलरीतून बाटल्या आल्या, निर्णय फिरवला गेला आणि शेवटी दोघांनाही विजेते जाहीर केलं.

फुटबॉलच्या नियम क्रमांक १० मध्ये टॉस आहे, पण शूटआउट सुरू होण्याआधी, आणि तोही दोनदा. एक कोणत्या गोलवर मारायचं यासाठी, दुसरा पहिली किक कोणाची यासाठी. निकाल नाण्यावर लावायची पद्धत जुनी. १९६८च्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या, सेमीफायनलला इटली अशीच पुढे गेली होती. १९७०मध्ये पेनल्ट्या आल्या त्या हीच कटकट संपवायला.

मग ११-११ला करायचं काय? काही नाही, बारावी किक. आधी मारणारा संघ तोच राहतो, मुलींचा क्रम मात्र बदलता येतो. म्हणजे अकराव्या नंबरला ढकललेल्या गोलकीपरची पाळी लगेच येत नाही. प्रशिक्षक आपली सगळ्यात भरवशाची मुलगी पुन्हा पुढे काढू शकतो. एक अट आहे: सगळ्यांची एकेक फेरी पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही दुसरी किक नाही. म्हणूनच रेफ्रीने जर्सी नंबर लिहीत जायचं असतं. नुसता गोल झाला की हुकला एवढंच टिपलं, तर दुसऱ्या फेरीत कोण मारून गेलं यावर मैदानातच भांडण जुंपतं.

एखाद्या संघात रेड कार्डमुळे दहाच उरल्या असतील, तर समोरच्यांना एक मुलगी कमी करून दहा-दहा करता येतात. हे विसरलात की तुमची अकरावी, बहुतेक वेळा सगळ्यात कच्ची, मारणार आणि त्याच वेळी समोरून त्यांची पहिली येणार.