दोघांची मच्छरदाणी: युगांडातलं स्वयंसेवेचं वर्ष

कंपालाहून मसाकाकडे निघालं की वाटेत विषुववृत्त लागतं. त्याच्या पलीकडे केळीच्या बागा, लाल माती आणि शाळांच्या पत्र्याच्या छपरांचा मुलूख. इथे वर्षभर स्वयंसेवक म्हणून जोडीनं यायचं ठरवलंत, तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या: जो तो तुम्हाला दोघांना मिळून एकच माणूस धरणार. आणि घोळ सुरू होतो तो तिथूनच.

सर्वात आधी काम. शाळेला हवा असतो गणिताचा एक शिक्षक. जोडीदार 'सोबत' येतो. त्याला किंवा तिला ग्रंथालयाची कपाटं लावायला देतात. कपाटं आठवड्यात लावून होतात, वर्ष उरतंच. म्हणून निघण्याआधी दोन वेगळी कामं कागदावर हवीत, दोघांचे वरिष्ठही वेगळे हवेत आणि जमलं तर इमारतीसुद्धा वेगळ्या. कामाचा परवानाही दोघांचा स्वतंत्र घ्यायचा. 'अवलंबित' म्हणून मिळालेल्या पासवर काम करता येत नाही, हे बऱ्याच जणांना पोचल्यावर कळतं. लग्नाचा दाखला आणि दोघांचे पोलिस पडताळणीचे दाखले मूळ प्रतीत बरोबर ठेवा.

शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संपतं, सत्रं तीन. तेव्हा जानेवारीत पोचा. आपल्या सवयीनं जूनमध्ये गेलात तर तासांची वाटणी कधीच झालेली असते.

रस्त्यावर तुम्ही 'मुयिंडी', म्हणजे भारतीय. इथे भारतीय म्हटलं की दुकानदार, हे समीकरण पक्कं आहे. 1972 साली इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देशाबाहेर काढलं, तेव्हाही व्यापाराची बरीच सूत्रं त्यांच्या हातात होती. त्यामुळे पगाराविना काम करणारा भारतीय लोकांना चटकन पटत नाही. त्यावर वाद घालू नका. कुणी काम करताना दिसलं की 'ग्येबालेको' म्हणा. काम चाललंय, शाब्बास, असा त्याचा भाव. हा एक शब्द आठवड्याभरात ओळखी करून देतो.

आता मच्छरदाणी. भाड्याच्या खोलीत बहुधा एका आकड्याला टांगलेली गोल जाळी असते. एकट्याला ती पुरते. दोघं झोपले की तिच्या उतरत्या बाजू खांद्याला, कोपराला टेकतात आणि डास बाहेरूनच जाळीतून चावतो. सहा बाय सहाच्या पलंगाला चौकोनी, कीटकनाशक लावलेली मोठी जाळी घ्या. चार कोपऱ्यांना चार खिळे मारा, दोऱ्या ताणून बांधा आणि कडा गादीखाली वीतभर खोचा. धुताना साधा साबण, गार पाणी, आणि वाळत घालायची सावलीत. कडक उन्हात औषध लवकर निकामी होतं.

कपड्यांचं नेमकं उलट. ते कडक उन्हातच वाळवायचे, कारण सावलीतल्या दमट कपड्यांवर मँगो फ्लाय नावाची माशी अंडी घालते. अळी कातडीत शिरते आणि काही दिवसांनी गळू येतं, मधोमध बारीक भोक असलेलं. ते पिळू नका, अळी आत फुटली तर सूज वाढते. वर जाड व्हॅसलीन लावलं की ती श्वासासाठी वर येते, मग चिमट्यानं अलगद ओढायची. हे सगळं टाळायचा उपाय म्हणजे कोळशाची इस्त्री. चादर, टॉवेल आणि मुख्य म्हणजे चड्डीच्या इलॅस्टिकची शिवण, अंतर्वस्त्रांच्या पट्ट्या. लोक शर्टाला कडक घडी पाडतात आणि नेमकं हेच सोडून देतात. इस्त्रीतली राख आधी फुंकून टाका, नाहीतर पांढऱ्या शर्टावर ठिपके उठतात.

स्वयंपाक 'सिगिरी'वर, म्हणजे आपल्या शेगडीवरच. ती पेटलेली असताना बंद खोलीत आणू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. राजमा रोजचाच, म्हणून प्रेशर कुकर घरून न्या आणि बरोबर दोन जादा रिंगा. पाणी वीस लिटरच्या जेरीकॅननं मोजतात. दोघांना अंघोळ, भांडी, स्वयंपाक मिळून दिवसाला तीन ते चार कॅन धरा. पिण्याचं खळखळून उकळा.

पैसे मोबाईल मनीनं, म्हणजे सिमकार्डाशी जोडलेल्या फोनवरच्या खात्यातून फिरतात आणि सिमकार्ड पासपोर्टवर एकाच्याच नावे निघतं. घरखर्च एका फोनवर ठेवला आणि तो माणूस कंपालाला गेला, की दुसरा अडकलाच. दोन सिम, दोन पिन, रक्कम अर्धी अर्धी.

मलेरिया टाळायच्या गोळ्यांचं आपापल्या डॉक्टरांना वेगवेगळं विचारा. डॉक्सीसायक्लिन रोज 100 मिलिग्रॅम, भरपूर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. परतल्यावरही ती चार आठवडे चालू ठेवावी लागते. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर हे औषध चालत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट जोडपी डॉक्टरांना सांगायची राहतात. गोळ्या घेत असलात तरी ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. घरात तपासणीचे दोन संच ठेवा आणि मलेरिया झालाच तर घ्यायच्या आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन या औषधाचे दोन पूर्ण कोर्स: प्रत्येकी 24 गोळ्या, चार-चारच्या सहा मात्रा, तीन दिवसांत, तेलकट किंवा दुधाच्या खाण्यासोबत. दोन कोर्स कशासाठी? दोघंही एकदम तापलात तर औषध आणायला उठणार कोण?

पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस दोघांनीही घ्यायची, सरकारमान्य केंद्रात, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. दाखला दहा दिवसांनीच ग्राह्य होतो आणि मग आयुष्यभर चालतो. हे पिवळं कार्ड पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा. युगांडातून भारतात उतरताना ते मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण, तेही ज्याचं कार्ड नाही त्याच्याच वाट्याला. दुसरा बॅगा घेऊन बाहेर.