कड्यावरून परत येणारी थाप

उघड्यावरच्या मैफिलीची जागा संयोजक बघायला जातात ते सकाळी दहा-अकराला, उजेड चांगला असतो म्हणून. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या पुढे ज्या माळावर डिसेंबरात गायनाची मैफल झाली, तो असाच ठरला. गायिकेच्या पाठीमागे कॅमेरा, समोर उतारावर श्रोते, त्यांच्या पलीकडे घळ, आणि घळीपल्याड पश्चिमेला सरळ उभा कातळकडा. चित्र देखणंच होतं. पण त्यासाठी सगळे स्पीकर कड्याकडे तोंड करून लावावे लागले. साउंडचं काम माझ्याकडे; स्टेज फिरवा म्हणून मी आधी सांगितलं होतं, ते कुणी मनावर घेतलं नाही.

माळावर जांभा. पहार दीड फूट गेली की खडक लागतो, आणि डिसेंबरात तो कोरडा ठाक. अर्थिंगचा खड्डा खाली ओढ्याकाठच्या मातीत घेतला, मीठ-कोळसा भरला, पाणी जिरवलं आणि तिथून जाड तांब्याची वायर वर आणली. लाइटचे डिमर (उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं) आणि साउंड जनरेटरच्या एकाच फेजवर, म्हणजे एकाच वीजवाहिनीवर, आले की तानपुऱ्याखाली घूं ऐकू येते, म्हणून एक फेज निव्वळ साउंडला. जनरेटरवाल्या मामांना हे सांगावं लागत नाही. डेकोरेशनवाल्यांनी मात्र बजावूनही दोन फोकस आमच्याच बोर्डाला जोडले.

दुपारी चारच्या चाचणीत पडसादाचा मागमूस नव्हता. वारा कड्याकडून स्टेजकडे वाहत होता, जमीन तापलेली होती. अशा हवेत आवाज वर वळतो. मागच्या रांगेतच शब्द पुसट येत होते, कड्यापर्यंत काय पोचणार? जे थोडं परत येत असेल ते गवताच्या सळसळीत बुडत होतं. सूर्य कड्याआड गेला आणि वारा पडला. जमिनीलगतची हवा गार, वरची अजून ऊबदार, म्हणजे आता आवाज खाली वळणार आणि लांब जाणार. साडेसहाला विलंबित, म्हणजे संथ लयीचा, ख्याल सुरू झाला आणि तबलजींनी मान वळवली. आवर्तन संपताच हळूच म्हणाले, "दादा, माझी थाप परत यायलीय बघा."

फोनच्या स्टॉपवॉचवर थाप ते पडसाद १.२ सेकंद. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जाऊन-येऊन ४०८, म्हणजे कडा दोनशे मीटरवर. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनीही तोवर पडसाद ओळखला होता. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी याच जिल्ह्यातलं, इथले कान तयार आहेत.

विलंबित चालू असतानाच कामाला लागलो. दोन्ही बाजूंना चार-चार टॉप, म्हणजे वरचे मुख्य स्पीकर, होते, त्यातले वरचे दोन-दोन बंद केले, कारण तेच श्रोत्यांच्या डोक्यावरून कड्यावर जात होते. उरलेल्यांच्या मागे पाचर ठोकून ते दहाएक अंश खाली झुकवले. मुख्य आवाज सहा डेसिबलने उतरवला. मागच्यांना कमी पडू नये म्हणून २५ मीटरवर दोन छोटे स्पीकर स्टँडवर लावले, तेही जमिनीकडे झुकवून. त्यांना डिले, म्हणजे आवाज मुद्दाम उशिरा सोडणं, ८४ मिलिसेकंद: अंतराचे ७४ आणि वर १०. ते वरचे १० दिले की मागे बसलेल्यालाही आवाज स्टेजवरूनच येतो असं वाटतं. एक बेसचा स्पीकर बंद केला. पडसाद गेला नाही, अर्ध्याहून खाली आला. तबल्याची थाप मात्र टोकदार असते, ती यायचीच.

मग छोटा, म्हणजे जलद लयीचा, ख्याल आला, आणि तिथे जे झालं ते डोक्यातून जात नाही. तीनतालाची लय मिनिटाला शंभर मात्रांच्या (तालातल्या ठोक्यांच्या) आसपास स्थिरावली. म्हणजे मात्रा ०.६ सेकंदाची, आणि १.२ सेकंदाचा पडसाद बरोबर दोन मात्रांनी, पुढच्या थापेखाली. कडा नाहीसाच झाला. हीच लय १६० ला गेली असती तर मात्रा ०.३७५ सेकंदाची होते, आणि पडसाद तिसऱ्या-चौथ्या मात्रेच्या मधे पडून सगळा चिखल झाला असता. बाई एरवी बंदिश भराभर चढवतात. त्या रात्री तिथेच ठेवली, ताना घेतल्या त्या दुपटीत, पण ठेका हलू दिला नाही. दव पडू लागलं होतं. तबलजी दोन ताना झाल्या की हातोडीने तबल्याच्या गजऱ्यावर (कडेच्या चामड्याच्या वेणीवर) हलकेच ठोकून उतरलेला सूर वर घेत होते, आणि तेवढ्यातही लय तसूभर सरकली नाही.

हे त्यांनी जाणून केलं की कानाने आपोआप जागा शोधली? नंतर तबलजींना विचारलं. म्हणाले, "बाईंनी धरली, मी सोडली नाही." बाईंना विचारायला धीर झाला नाही. दहाच्या आत स्पीकर बंद करायचे असतात, आम्ही वेळेत आवरलं.

पुढच्या वर्षी तीच जागा हवी म्हणून निरोप आला आहे. मी एवढंच कळवलंय: स्टेज नव्वद अंश फिरवा, म्हणजे स्पीकर झाडीकडे वळतील आणि कडा श्रोत्यांच्या डाव्या हाताला दिसेल. आणि जागा बघायला संध्याकाळी साडेसहाला, वारा पडल्यावर चला. दोन फळ्या एकमेकींवर आपटून बघू. फोटोचं काय, असं त्यांनी विचारलंय.