पाचर मारण्याचं पुण्य

लिफ्टला मराठीत ‘उद्वाहन’ असा एक भारदस्त शब्द आहे. तो परवान्यावर शोभतो. त्यात बसून वर कोणी जात नाही. वर जातात ते लिफ्टनेच. दार लागतं, केबिन किंचित दचकते आणि चार अनोळखी माणसं एकमेकांकडे न बघता मजल्यांचे आकडे बघू लागतात. त्या शांततेत प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी एकच शंका डोकावून गेलेली असते: वरचा दोर तुटला तर?

या शंकेत पहिली चूक एकवचनाची आहे. दोर एक नसतो. चार, पाच, सहा असतात, आणि लिफ्टवाले त्याला दोर न म्हणता रोप म्हणतात. करंगळीएवढा जाड, पोलादी तारांचा. नेहमीच्या बांधणीत बाहेरून आठ पेड आणि प्रत्येक पेडात एकोणीस तारा, म्हणजे एका रोपात एकशे बावन्न तारा झाल्या. मधोमध घायपाताचा तेल प्यायलेला गाभा. रोप पुलीवरून वळताना दाबला जातो, तेव्हा हा गाभा थोडंथोडं वंगण आतल्या तारांना सोडत राहतो. युरोपीय नियमांत तीन किंवा जास्त रोप असतील तर सगळ्यांची मिळून ताकद भरलेल्या केबिनच्या भाराच्या किमान बारापट धरावी लागते. चार रोप असले आणि त्यातले तीन एकाएकी गेले, तरी उरलेला एकटा तिप्पट भार पेलेल.

शिवाय रोप एकदम मरत नाही, आधी खंगतो. एखादी तार तुटून काट्यासारखी बाहेर येते, मग शेजारची. कोरडा पडलेला रोप तांबूस भुकटी टाकू लागतो: तारा एकमेकींवर घासून निघालेला तो लोखंडाचा गंज. जाडी कमी होत जाते. तपासणारा माणूस लिफ्ट अगदी संथ चालवून हे सगळं डोळ्यांनी आणि कॅलिपरने बघतो. हाताने चाचपत नाही, कारण तो काटा तळहातात शिरला की पुढचा आठवडा त्याचाच. ताण सारखा नसणं हे आणखी एक दुखणं. ज्या रोपवर जास्त ताण, तो पुलीतली आपली खाच लवकर खातो. खाच खोल गेली की पुलीच्या एका फेऱ्यात तो बाकीच्यांपेक्षा कमी अंतर कापतो, मग ती तफावत भरून काढायला घसरत राहतो, आणि घसरत राहिला की खाच आणखी खातो. म्हणून एकच रोप बदलून भागत नाही. बदलायचा तर सगळा संच.

दुसरी चूक म्हणजे केबिन नुसती लोंबकळत असते ही कल्पना. रोपच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे समतोलाचा भार, असतं, आणि त्याचं वजन रिकामी केबिन अधिक तिच्यात मावणारी जवळपास निम्मी माणसं इतकं ठेवलेलं असतं. म्हणजे लिफ्टमध्ये तुम्ही एकटे असाल तर जड बाजू तुमची नाही, पलीकडची. मोटरचा ब्रेक सुटला तर अशी केबिन खाली येत नाही, वर जाते. घाबरायचंच असेल तर माणसाने निदान दिशा तरी बरोबर धरावी.

तो ब्रेकही उलट्या डोक्याचा आहे. गाडीचा ब्रेक दाबला की लागतो. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगने कायम लागलेलाच असतो, आणि वीज आली की चुंबक तो ओढून सोडवतं. वीज गेली, तार तुटली, फ्यूज उडाला, दाराचा संपर्क सुटला, काहीही झालं तरी परिणाम एकच: चुंबक मरतं, स्प्रिंग सुटते, पट्टे ड्रमला मिठी मारतात. लिफ्टमध्ये वीज खर्च होते ती चालण्यासाठी. थांबायला वीज लागत नाही. दिवे जाऊन लिफ्ट अडकली की आत हलकल्लोळ होतो, पण त्या क्षणी ती केबिन सगळ्यात घट्ट धरलेली असते.

आता दोर तुटण्याची गोष्ट. ती इलायशा ओटिसपासून सुरू होते. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या प्रदर्शनात हा गृहस्थ उंच चढवलेल्या उघड्या पाळण्यावर उभा राहिला आणि वरचा दोर तोडायला लावला. पाळणा जरासा खचला आणि थांबला. त्याने केलं होतं ते असं: पाळण्याच्या माथ्यावर घोडागाडीला असते तशी पट्ट्यांची कमान बसवली आणि दोर त्या कमानीला बांधला. दोर ताणलेला आहे तोवर कमान वाकलेली आणि तिची टोकं आत. दोर तुटला की कमान सरळ होते, टोकं बाहेर येतात आणि दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकतात. ना कळ, ना वीज, ना कोणी माणूस. तीन वर्षांनी, १८५७ च्या मार्चमध्ये, त्याच शहरात ब्रॉडवेवरच्या हॉवाउट यांच्या पाच मजली दुकानात त्याची माणसं नेणारी लिफ्ट लागली. ती वाफेवर चालायची.

ओटिसच्या युक्तीत एक उणीव होती, आणि नंतरच्या सगळ्या लिफ्टा त्या उणिवेवर उभ्या आहेत. कमान विचारते, ‘दोर ताणलेला आहे का?’ पण दोर शाबूत असून ब्रेक घसरला, गिअर तुटला, तर? दोर ताणलेलाच आहे, कमान वाकलेलीच आहे, आणि पाळणा मात्र धावत सुटलाय. दोर हा संशयित खराच, पण तो सगळ्यात दणकट संशयित. त्यामुळे पुढे प्रश्न बदलला. काय तुटलं याची चौकशी सोडली आणि एकच विचारायचं ठरलं: वेग किती?

हा प्रश्न विचारणाऱ्या यंत्राचं नाव गव्हर्नर. वाफेच्या इंजिनावर १७८८ मध्ये जेम्स वॉटने फिरते गोळे बसवले, त्याच घराण्यातलं हे. शाफ्टच्या, म्हणजे लिफ्टच्या विहिरीच्या, माथ्यावर एक चाक. त्यावरून एक वेगळा, बारीक, साधारण सहा ते आठ मिलिमीटरचा रोप खाली पिटपर्यंत, म्हणजे तळच्या खड्ड्यापर्यंत, जातो, तिथे वजन लटकवलेल्या चाकाला वळसा घालतो आणि वर येतो. हे कडं केबिनच्या एका लिव्हरला बांधलेलं. केबिन हलली की हा रोप तिच्याबरोबर फिरतो आणि वरचं चाक फिरवतो. भार काहीही उचलत नाही. त्याचं काम फक्त चहाडी करण्याचं. चाकावर दोन वजनं स्प्रिंगने आवळलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात. ठरल्या वेगाच्या थोडं पुढे गेल्यावर आधी एक स्विच उडवतात: वीज बंद, मोटरचा ब्रेक लागतो. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. तरीही वेग चढत राहिला, तर वजनं आणखी फाकून एक खटका सोडतात आणि गव्हर्नरचा जबडा आपल्याच रोपला चावतो.

आता बारकाईने बघावं असं इथे आहे. रोप थांबला, केबिन खाली चाललीच आहे. केबिनला बांधलेल्या लिव्हरच्या दृष्टीने बघितलं तर थांबलेला रोप तिला वर ओढतोय. लिव्हर उचलली जाते आणि केबिनच्या तळाशी दोन्ही बाजूंना असलेल्या पाचरी वर सरकतात. केबिन ज्या पोलादी रेलवर चालते, तो रेल आणि सेफ्टी गिअरचा (केबिनला रेलवर आवळून धरणाऱ्या या यंत्रणेचा, थोडक्यात सेफ्टीचा) तिरका ठोकळा यांच्यामध्ये ती पाचर शिरते. चालताना पाचर आणि रेल यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची फट असते, तेवढीच. एकदा पाचर रेलला टेकली की गव्हर्नरची गरज संपली. केबिन जितकी खाली रेटेल तितकी पाचर आणखी आत जाईल. पडणाऱ्या वजनालाच पडणं थांबवायच्या कामाला जुंपलेलं आहे. मराठीत कुणाच्या कामात पाचर मारणं ही शिवी आहे. इथे मात्र ते पुण्यकर्म.

आकडे सांगायचे तर मिनिटाला साठ मीटर, म्हणजे सेकंदाला एक मीटर जाणारी लिफ्ट घेऊ. घराच्या इमारतीत बहुतेकदा अशीच असते. युरोपीय नियमांनुसार तिचा गव्हर्नर १.१५ मीटरच्या आधी सुटता कामा नये आणि सावकाश आवळणाऱ्या सेफ्टीला १.५ मीटरच्या आत सुटलाच पाहिजे. चालत्या लिफ्टचे सगळे रोप एका क्षणी कापले, तर एकवरून दीडवर यायला तिला सात सेंटिमीटरसुद्धा पडावं लागत नाही. पुढे गव्हर्नरचा जबडा, लिव्हर, पाचर यांना लागणारा अवधी धरा, आणि मग सेफ्टी आवळत जाते ती अशी की वेग कमी होण्याचा दर गुरुत्वाकर्षणाच्या ०.२ ते १ पट राहावा. गुडघे वाकतात, पिशवी खाली पडते. अगदी संथ लिफ्टना मात्र एका झटक्यात धरणारी सेफ्टी चालते. तिथे मुळात वेगच इतका कमी असतो की झटका सोसवतो.

एवढं चोख यंत्र बिघडतं कसं? फार फालतू कारणांनी. पिटमध्ये पाणी साचतं, ताणवजनाच्या चाकाचं बेअरिंग गंजतं. गव्हर्नरचा रोप वर्षानुवर्षं लांबत जातो आणि ते वजन एक दिवस पिटच्या जमिनीला टेकतं; मग रोप सैल, आणि सैल रोप चाकावर नुसता घसरतो. म्हणून त्या वजनापाशी एक स्विच असतो, आणि तो वारंवार उडतो म्हणून त्याला तारेने बांधून ठेवणारा एक हुशार माणूसही कुठेतरी असतो. केबिनखालच्या लिव्हरचे सांधे तेलाविना जाम होतात. कधी मशीन रूमला रंग देताना रंगारी मोकळ्या हाताने गव्हर्नरही रंगवून टाकतो, आणि फिरत्या वजनांचे सांधे रंगाने चिकटतात. गव्हर्नरच्या स्प्रिंगवर मोहर असते ती याच भीतीपोटी: नेमलेला वेग कोणी हळूच पिळू नये.

गव्हर्नरचा रोपच गेला तर? ते एकदा खरंच झालं. २८ जुलै १९४५ ला दाट धुक्यात एक बी-२५ लष्करी विमान एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ७९ व्या मजल्यावर आदळलं. त्याने लिफ्टचे रोप तर कापलेच, गव्हर्नरचा रोपही कापला. बेटी लू ऑलिव्हर ही लिफ्टचालक तरुणी ज्या केबिनमध्ये होती ती ७५ मजले खाली गेली. ती जबर जखमी झाली, पण वाचली. केबिनखाली वेटोळं होऊन पडलेल्या रोपांच्या ढिगाने आणि शाफ्टमध्ये दाबल्या गेलेल्या हवेने धक्का बराच गिळला असं मानलं जातं. दोर तुटून लिफ्ट पडल्याचं उदाहरण द्यायला बहुतेक वेळा इतकं जुनं विमान शोधून आणावं लागतं.

पिटमधल्या जाड स्प्रिंगा किंवा तेलाचे बफर हे पडणारी केबिन झेलायला आहेत असा समज आहे. तसं नाही. ते नेहमीच्या वेगाने, फार तर त्याहून थोड्या जास्त वेगाने, शेवटचा मजला चुकून उतरलेल्या केबिनसाठी आहेत. दहा मीटर सुटून पडलेली केबिन खाली येईतो ताशी पन्नास किलोमीटरवर असते. तिच्यापुढे ती स्प्रिंग काय करणार. अगदी शेवटच्या क्षणी उडी मारायची हा लहानपणापासून जपलेला बेतही इथेच निकालात निघतो. उडीने सेकंदाला फार तर अडीच-तीन मीटर वजा होतील, खालून येणारे चौदा असतात. शिवाय तो क्षण कोणता, हे बंद खोक्यात कळणार कसं?

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टचा मामला वेगळा. तिथे भीती पाइप फुटण्याची, आणि सिलिंडरच्या तोंडाशीच एक झडप बसवलेली असते. तेल प्रमाणाबाहेर वेगाने बाहेर पळू लागलं की ती आपोआप मिटते.

आणि वर पळणारी रिकामी केबिन? केबिनखालची नेहमीची पाचर फक्त खालच्या दिशेला लागते. वरच्यासाठी अलीकडच्या लिफ्टांत दोन्ही दिशांची सेफ्टी, किंवा रोपनाच चिमटा घेणारा वेगळा ब्रेक, किंवा पुलीवरच दुहेरी ब्रेक असतो. जुन्या लिफ्टांत यातलं काही नसतं. जुनी लिफ्ट बघायला गेल्यावर विचारावं ते हे.

खरी काळजी मात्र दाराची करावी. मजल्यावरच्या दाराचं कुलूप किमान सात मिलिमीटर आत शिरल्याशिवाय लिफ्टने हलू नये असा नियम आहे, आणि माणसं दगावतात ती या सात मिलिमीटरशी खेळल्यामुळे: दार उघडलं, केबिन आहे असं धरून पाय टाकला, समोर नुसता शाफ्ट. किंवा दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या केबिनमधून खालच्या मजल्यावर उडी मारायला गेले, आणि पाय उंबऱ्याऐवजी केबिनखालच्या पोकळीत गेला. त्या पोकळीवर पाऊण मीटरचा पत्रा लोंबता असतो. केबिन याहून वर अडकली की तो पुरत नाही. आत बसून राहणं कंटाळवाणं असतं, एवढाच त्याचा दोष.

पाचर लागल्यावर ती सोडवतात कशी, हेही बघण्यासारखं. बटण दाबून नाही. केबिन वर उचलावी लागते, मोटरने किंवा साखळी-कप्पीने, कारण खाली ओढलं की ती आणखी रुतते. मग गव्हर्नरचा खटका हाताने परत बसवायचा, सेफ्टीचा स्विच पूर्ववत करायचा, पाचरी दोन्ही बाजूंना सारख्याच खाली आल्यात का ते टॉर्च मारून बघायचं. रेलवर पाचरीच्या दातांचे चकचकीत ओरखडे उमटलेले असतात, त्यांच्या कडा वर आलेल्या. त्या तशाच ठेवल्या तर केबिनचे शू, म्हणजे रेलवर सरकणारे तिचे आधार, प्रत्येक फेरीला तिथे खडखडतात. म्हणून केबिनच्या टपावर बसून, लिफ्ट इंचाइंचाने सरकवत, ते ओरखडे कानशीने घासून सपाट करतात.