बॅच फाइल सर्व्हरवर असेल तर आधी करंट फोल्डर पक्का करा

सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरमधली बॅच फाइल (विंडोजच्या कमांड ओळीने लिहिलेली स्क्रिप्ट) थेट डबल-क्लिक केली की काळ्या खिडकीत सूचना येते: यूएनसी पाथ (\\सर्व्हर\शेअर असा नेटवर्कवरचा पत्ता) चालत नाही, त्याऐवजी विंडोज डिरेक्टरी घेतली आहे. ती फारसं कुणी वाचत नाही. पण तेवढ्यात स्क्रिप्टचं करंट फोल्डर (ज्यात तिच्या कमांड चालतात ते) सी ड्राइव्हवरचं विंडोज फोल्डर झालेलं असतं. खालच्या ओळीत 'डेल *.टीएमपी' (टीएमपी फाइली पुसणारी कमांड) असेल, तर ती ओळ नको तिथे चालते.

दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पाथ सीएमडी (बॅच फाइल चालवणारा विंडोजचा प्रोग्राम) करंट फोल्डर म्हणून घेतच नाही, त्याला ड्राइव्हचं अक्षर लागतं. म्हणून 'एको ऑफ'नंतरची ओळ मी ठरवूनच टाकलेली आहे (कमांड इथे देवनागरीत आहेत, फाइलमध्ये अर्थातच रोमन लिहा):

पुशडी "%~डीपी०" || एक्झिट /बी १

%~डीपी० म्हणजे स्क्रिप्ट ज्या फोल्डरात आहे त्याचा पूर्ण पाथ. पुशडी झेडपासून मागे येत पहिलं मोकळं अक्षर घेतो, त्यावर शेअर जोडतो आणि आपल्याला त्या फोल्डरात नेऊन सोडतो. दोन उभ्या रेघा गाळू नका. जोडणी फसली तर स्क्रिप्ट तिथेच थांबते, पुढचा डेल चालत नाही. काम संपलं की पॉपडी टाका, तो ते अक्षर सोडवतो. तो राहिला तर अक्षर अडकून पडतं आणि पुढच्या वेळी वाय, मग एक्स, असं सुरू होतं.

एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरला ठरावीक अक्षरच हवं असतं, किंवा तो फोल्डरच ड्राइव्हचा मूळ (रूट) हवा असतो. पुशडी मात्र पूर्ण शेअर जोडतो. अशा वेळी नेट यूज, म्हणजे शेअरला ठरवलेलं अक्षर देणारी कमांड:

सेट "पी=%~डीपी०"
नेट यूज एक्स: "%पी:~०,-१%" /पर्सिस्टंट:नो

यातला ~०,-१ हा भाग शेवटचा बॅकस्लॅश कापतो. %~डीपी०च्या शेवटी तो नेहमीच असतो, आणि तो तसाच ठेवला तर नेट यूज ६७ क्रमांकाची एरर देतो. लोक मग नेटवर्क तपासत बसतात! ८५ आली तर अक्षर आधीच वापरात आहे. 'नेट यूज एक्स: /डिलीट' आधी चालवा. १२१९ म्हणजे त्याच सर्व्हरवर दुसऱ्या युजरनावाने जोडणी उघडी आहे.

तीच फाइल कुणी सी ड्राइव्हवर कॉपी करून चालवली तर नेट यूज निरुपयोगी, तिथे सब्स्ट (आपल्याच डिस्कवरच्या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर देणारी कमांड) लागतो: सब्स्ट एक्स: "%~डीपी०." शेवटचा टिंब मुद्दाम आहे, नाहीतर बॅकस्लॅश आणि अवतरणचिन्ह एकमेकांत अडकतात. कुठली कमांड चालवायची हे %~डी० (पाथमधला फक्त ड्राइव्हचा भाग) वरून कळतं. नेटवर्क पाथवर त्याची किंमत नुसते दोन बॅकस्लॅश असते.

'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडलेल्या खिडकीत साध्या लॉगिनमधले मॅप केलेले ड्राइव्ह सहसा दिसत नाहीत, कारण यूएसी (ॲडमिनच्या कामाआधी परवानगी विचारणारी विंडोजची सोय) दोन्हींची सेशन वेगळी ठेवतं. ड्राइव्ह जोडणं आणि ॲडमिनचं काम एकाच खिडकीत करा.

फोल्डरचं नाव 'हिशोब' असं मराठीत असलं तरी %~डीपी०ला अडचण नाही, खिडकीत चौकोन दिसले तरी काम होतं. तेच नाव स्क्रिप्टमध्ये हाताने लिहायचं असेल, तर फाइल यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीच्या अदृश्य खुणेशिवाय) सेव्ह करा आणि त्या ओळीच्या आधी 'सीएचसीपी ६५००१' टाका, म्हणजे सीएमडी ती यूटीएफ-८ म्हणून वाचतो.