आमची वाटचाल : आण्णांच्या किर्दीपासून

आमचे आण्णा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. किर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या, पानाच्या माथ्यावर ‘श्री अंबाबाई प्रसन्न’ आणि खाली गुळाच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा, हिशेब, सगळं टपोऱ्या अक्षरात. निवृत्तीनंतर घरखर्चाची वहीसुद्धा ते तशीच लिहीत. त्यांना कंपवात (पार्किन्सनचा आजार) असल्याचं कळलं, त्या रात्री मी त्या वह्या काढून बसलो. हात थरथरायला लागण्याच्या तीन वर्षं आधीपासून अक्षर बारीक होत चाललं होतं. ओळ सुरू होताना बरं, संपताना मुंगीएवढं. घरात सगळ्यांनी ते बघितलं होतं, पण ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं. ती चुटपुट अजून गेलेली नाही.

मी आणि माझा मित्र तेव्हा दूध संस्थांची सॉफ्टवेअर करायचो. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्याच दोन खोल्यांत, लिहिण्यावरून कंपवाताच्या खुणा टिपण्याचं हे काम सुरू झालं.

इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला. हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी झिजतात, हालचाल मंद आणि आखूड होते, आणि लिहिणं तर बारीक हालचालींचाच खेळ. झालेलं अक्षर कागदावर दिसतं, पण ते होताना काय घडलं हे दिसत नाही. डिजिटल पाटी ते टिपते: पेनाचा वेग, दाब, दोन अक्षरांमध्ये पेन हवेत किती वेळ रेंगाळलं. आम्ही सलग ‘ल ल ल’ लिहून घेतो, एक वाक्य, आणि आतून बाहेर जाणारं वेटोळं. त्या वेटोळ्यात कंप स्पष्ट उमटतो.

सुरुवातीला आम्ही गुळगुळीत काचेवर लिहायला लावलं. पेन घसरायचं, चांगल्या माणसाचंही अक्षर बिघडायचं. शेवटी पाटीवर साधा कागद ठेवला आणि शाईचं पेन दिलं, तेव्हा कुठे लोकांचा खरा हात दिसला.

त्याहून मोठी चूक एका मावशींच्या बाबतीत झाली. आमच्या आकड्यांवरून घरचे घाबरले. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासलं तर बोटांचा संधिवात, आणि त्या दिवशी चष्माही घरी राहिलेला. आम्ही त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून आधी चष्मा, सांधे, लिहिण्याची सवय विचारतो आणि निदान शब्द तोंडातून काढत नाही. ते डॉक्टरांचं काम. शिवाय आजार बऱ्याचदा एका बाजूने सुरू होतो. तो डावीकडून आला तर उजव्या हाताचं अक्षर शाबूत राहू शकतं, म्हणून वेटोळं दोन्ही हातांनी काढून घेतो.

अक्षरावरून स्वभाव किंवा भविष्य सांगा म्हणून लोक येतात, त्यांना आम्ही हात जोडून परत पाठवतो. त्या गोष्टींचा या कामाशी काहीही संबंध नाही.

आमचा खरा उपयोग होतो तो निदानानंतर. लेव्होडोपा या कंपवातावरच्या औषधाचा असर उतरत आला की हात पुन्हा जड होतो, पण डॉक्टरांसमोर नेमकी तीच वेळ सापडत नाही. म्हणून घरीच, गोळी घेतल्याची वेळ टाकून लिहायचं. तुलना त्या माणसाच्याच मागच्या अक्षराशी, शेजाऱ्याच्या नाही. सगळ्यांना एकच माप लावणाऱ्या यंत्रावर माझा विश्वास नाही.

नवीन कुटुंब आलं की आधी जुन्या वह्या, पत्रं, डायऱ्या मागतो. बरेच जण म्हणतात, रद्दीत दिल्या.

आण्णा दर शुक्रवारी सकाळच्या गोळीआधी एकदा आणि तासाभराने एकदा लिहितात. वाक्य त्यांनीच निवडलंय: श्री अंबाबाई प्रसन्न.